जुन्या संगणकाचा राउटर : लिनक्सवर घरच्या नेटवर्कचे प्रवेशद्वार

संगणक नेटवर्कच्या पेपरात ‘राउटर म्हणजे काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न हमखास येतो. ‘दोन किंवा अधिक नेटवर्क जोडून पॅकेट योग्य मार्गाने पुढे पाठवणारे उपकरण’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असते, आणि ते बरोबरही आहे. पण घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेल्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवून ‘यातला राउटर कुठला?’ असे विचारले, की वर्गात शांतता पसरते. कारण ती डबी एक उपकरण नसते, निदान पाच असतात. तारांसाठी एक छोटा स्विच, बिनतारी जोडणीसाठी अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रत्येक फोनला पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, नावांचे पत्ते शोधून देणारा डीएनएस मदतनीस, आतबाहेर जाणाऱ्यांवर नजर ठेवणारी फायरवॉल, आणि या सगळ्यांच्या मध्ये खरा राउटर.

या पाठात आपण ही डबी बाजूला ठेवून तिची कामे एका जुन्या संगणकावर, लिनक्समध्ये, एकेक करून उभी करणार आहोत. यात काही जगावेगळे नाही. बाजारातल्या कितीतरी डब्यांच्या आत लिनक्सच चालतो. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे उघड झाल्यावर परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा स्रोत खुला करावा लागला. त्यातूनच पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे आपण जे करणार आहोत ते डबीतही घडतच असते; फक्त तिथे ते दिसत नाही.

आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि टर्मिनलचा प्राथमिक वापर तुम्हाला माहीत आहे असे धरले आहे. उदाहरणे डेबियन लिनक्स डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाइप करावी लागतात.

यंत्रसामग्री

राउटरला वेगवान प्रोसेसर लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर आणि दोन जीबी मेमरी घरगुती कामाला पुरून उरते. आवश्यक आहेत ती दोन नेटवर्क कार्डे : एक बाहेरचे, म्हणजे सेवा पुरवठादाराकडून आलेली तार लावण्यासाठी, आणि एक आतले, घरच्या स्विचसाठी. जुन्या डेस्कटॉपमध्ये एक कार्ड मदरबोर्डवर असतेच. दुसरे गिगाबिट कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसवावे. लॅपटॉप वापरत असाल तर दुसऱ्या कार्डाऐवजी यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. लॅपटॉपचा एक फायदा वीज जाणाऱ्या गावांत लगेच पटेल : त्याची बॅटरी हीच त्याची इन्व्हर्टर असते. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू हो’ ही सोय सुरू करून ठेवा, नाहीतर दर वेळी कोणाला तरी उठून बटण दाबावे लागेल.

विजेचा हिशेब आधीच करा. जुना डेस्कटॉप सतत ६० वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर साधारण ३४५ रुपये. १० वॅटवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला तेवढ्याच काळात ७ युनिटांच्या आसपास लागतात. शिकण्यासाठी डेस्कटॉप उत्तम. कायम चालवायचे तर लहान यंत्र शोधावे असे माझे मत आहे. भंगारात निघालेले ‘थिन क्लायंट’ या कामाला फार चांगले.

वायफायसाठी जुनी डबी टाकून देऊ नका. तिला केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट करता येते : तिचा डीएचसीपी बंद करा, तिचा पत्ता घरच्या नेटवर्कमधला एखादा मोकळा पत्ता ठेवा, आणि स्विचकडून येणारी तार तिच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ खाचेत न लावता साध्या ‘लॅन’ खाचेत लावा. मग ती डबी राउटर राहत नाही. तारेतून आलेले हवेत सोडते आणि हवेतले तारेत घालते, एवढेच.

कार्डांची ओळख आणि पत्ते

‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली की यंत्रातली नेटवर्क कार्डे दिसतात. जुन्या पुस्तकांत त्यांची नावे ईटीएच० आणि ईटीएच१ अशी असतात. आजच्या यंत्रावर ईएनपी३एस० सारखे काहीतरी दिसेल : ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, एस० म्हणजे खाच क्रमांक ०. नाव लांबट आहे, पण एक नवे कार्ड बसवल्यामुळे जुन्या दोन कार्डांची नावे आपसांत बदलली, असा घोळ यात होत नाही. राउटरवर तसा घोळ झाला तर आतले बाहेर आणि बाहेरचे आत होईल. कोणते कार्ड कोणते हे ठरवायला एका कार्डाची तार काढून तीच आज्ञा पुन्हा द्या. ज्याच्यापुढे ‘नो कॅरियर’ उमटेल ते त्या तारेचे. पुढे सोयीसाठी मी ‘बाहेरचे कार्ड’ आणि ‘आतले कार्ड’ असेच म्हणणार आहे.

बाहेरच्या कार्डाला पत्ता सेवा पुरवठादाराकडून मिळतो. आतल्या कार्डाला तो आपण द्यायचा. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने तीन पट्टे राखून ठेवले आहेत : १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. आपण आतल्या कार्डाला १९२.१६८.१०.१ हा पत्ता आणि /२४ हा मास्क देऊ. १९२.१६८.१.१ का नको? कारण भिंतीवर बसवलेला फायबरचा ओएनटी बहुधा तोच पट्टा वापरत असतो. दोन्ही कार्डांवर एकच सबनेट आले तर कर्नलला त्याच गावाला जाणारे दोन रस्ते दिसतात आणि पॅकेट भलत्याच दाराने बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट, जी दर बॅचमध्ये निदान दोन गट तरी चुकवतात : आतल्या कार्डाला गेटवे द्यायचा नाही. गेटवे म्हणजे ‘बाकी सगळे कुणाकडे पाठवू?’ याचे उत्तर. घरातल्या फोनसाठी ते उत्तर १९२.१६८.१०.१ आहे. राउटरसाठी ते सेवा पुरवठादाराचे यंत्र आहे, आणि त्याचा रस्ता बाहेरच्या कार्डातून जातो. ‘आयपी रूट’ या आज्ञेच्या उत्तरात ‘डीफॉल्ट’ ने सुरू होणारी ओळ एकच असली पाहिजे.

राउटरपण : एका शून्याचा एक

आता दोन्ही कार्डे चालू आहेत, तरी संगणक अजून राउटर झालेला नाही. दुसऱ्याच्या नावाचे पाकीट दारात आले तर साधा संगणक ते फेकून देतो, आणि ते योग्यच आहे. राउटरने मात्र ते वाचून पुढच्या दाराशी पोचवायचे असते. लिनक्स कर्नलमध्ये हा फरक एका आकड्याचा आहे. ‘नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड’ ही किंमत मुळात ० असते. ती १ केली की यंत्र पॅकेट पुढे पाठवू लागते. बदल यंत्र बंद केल्यावरही टिकावा म्हणून ती ओळ ‘ईटीसी’खालच्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ या फोल्डरमधल्या फाइलीत लिहून ठेवावी.

पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येतला राउटर इथे तयार झाला. तरीही लॅपटॉपवर एकही संकेतस्थळ उघडणार नाही. पॅकेट बाहेर जाईल, पण १९२.१६८.१०.२३ हा पत्ता इंटरनेटवर कोणाच्याच ओळखीचा नाही. लाखो घरांत तोच पत्ता आहे. उत्तर परत कुठे पाठवायचे?

नॅट : चप्पल स्टँडवरचा बिल्ला

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. यातले मोकळे पट्टे जागतिक पातळीवर फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या पट्ट्यावर आला. एका घराला एक पत्ता मिळाला तरी पुष्कळ. तो घरातल्या सगळ्या उपकरणांनी वाटून घ्यायची युक्ती म्हणजे नॅट, पत्त्यांचे भाषांतर. १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये ती मांडली गेली, आणि तीही तात्पुरता उपाय म्हणून!

मोठ्या देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. शेकडो लोक चपला देतात आणि प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला मिळतो. परत येताना नाव, गाव कोणी विचारत नाही. बिल्ल्यावरचा आकडा पाहून जोड हातात येतो. राउटरकडे बिल्ल्याचे काम पोर्ट क्रमांक करतो.

समजा लॅपटॉप १९२.१६८.१०.२३ ने आपल्या ५१५१४ या पोर्टवरून २०३.०.११३.८० या सर्व्हरच्या ४४३ पोर्टकडे पॅकेट पाठवले. राउटरचा बाहेरचा पत्ता १९८.५१.१००.७ आहे. राउटर पॅकेटातला ‘प्रेषक’ बदलून १९८.५१.१००.७, पोर्ट ५१५१४ असे करतो आणि स्वतःच्या वहीत नोंद ठेवतो. उत्तर ५१५१४ या पोर्टवर आले की वही पाहून ‘प्राप्तकर्ता’ पुन्हा १९२.१६८.१०.२३ केला जातो. त्याच क्षणी आईच्या फोननेही ५१५१४ याच पोर्टवरून त्याच सर्व्हरशी बोलायला सुरुवात केली तर? मग राउटर फोनच्या जोडणीसाठी बाहेर दुसरा पोर्ट वापरतो. दोन जोडांना एक बिल्ला देता येत नाही.

या वहीला लिनक्समध्ये ‘कॉनट्रॅक’ म्हणतात, आणि त्याच नावाचे साधन बसवून ती वाचता येते. ती एकदा तरी वाचाच. एका साध्या बातम्यांच्या पानासाठी किती जोडण्या उघडतात हे पाहिल्यावर वहीला मर्यादा का असते ते कळते. नोंदींना मुदतही असते : चालू टीसीपी जोडणीची नोंद मुळात पाच दिवस टिकते, तर एकाच दिशेने गेलेल्या यूडीपी पॅकेटाची फक्त ३० सेकंद. यूडीपीमध्ये ‘संपले’ असे सांगणारे पॅकेटच नसते, म्हणून राउटरला अंदाजाने नोंद खोडावी लागते. इंटरनेटवरून फोन-कॉल करणारी अ‍ॅप्स अधूनमधून रिकामी वाटणारी पॅकेटे पाठवत राहतात, ती आपला बिल्ला रद्द होऊ नये म्हणून.

नॅटचा नियम कुठे बसतो? मार्ग ठरल्यानंतर, पॅकेट बाहेर पडण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर. या टप्प्याचे नाव ‘पोस्टराउटिंग’. एनएफटेबल्समध्ये त्या साखळीत एकच ओळ लागते, जिचा अर्थ असा : बाहेरच्या कार्डातून निघणाऱ्या पॅकेटांना ‘मास्करेड’ करा, म्हणजे त्या क्षणी त्या कार्डाचा जो पत्ता असेल तो प्रेषक म्हणून लावा. पुरवठादार पत्ता बदलत राहतो, तेव्हा पत्ता नियमात कोरून ठेवण्यापेक्षा हे बरे.

एक बारकावा, ज्यावर तोंडी परीक्षेत मला प्रश्न विचारायला आवडतो. या नियमाला मोजणी लावली आणि एक जीबीची फाइल उतरवली, तरी नियमापुढे जेमतेम काही पॅकेटांची नोंद दिसते. बाकीची पॅकेटे कुठे गेली? कुठेही नाही. नॅटची साखळी जोडणीच्या फक्त पहिल्या पॅकेटासाठी विचारली जाते. निर्णय वहीत लिहिला जातो, आणि पुढची सगळी पॅकेटे थेट वहीवरून भाषांतरित होतात.

नॅट म्हणजे फायरवॉल नव्हे

‘माझा पत्ता खासगी आहे, म्हणून मी सुरक्षित आहे’ हा समज फार पसरलेला आहे. आपण आतापर्यंत जो राउटर केला त्यात पॅकेट पुढे पाठवायला परवानगी आहे आणि मनाई कुठेच नाही. पुरवठादाराच्या त्याच तारेवर, तुमच्या शेजारच्या इमारतीत बसलेल्या कोणी १९२.१६८.१०.२३ साठीचे पॅकेट मुद्दाम तुमच्या राउटरच्या हवाली केले, तर राउटर ते आज्ञाधारकपणे लॅपटॉपपर्यंत पोचवेल. नॅटने त्याला अडवलेले नाही. मास्करेडचा नियम बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. घरातल्या जुन्या फोनचे, टीव्हीचे, प्रिंटरचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत झालेले नसते. त्या सगळ्यांचे रक्षण आता तुमच्या नियमांवर आहे.

लिनक्सच्या नेटफिल्टर व्यवस्थेत छाननीच्या तीन मुख्य जागा आहेत. राउटरसाठीच आलेले पॅकेट ‘इनपुट’मधून जाते, राउटरने स्वतः निर्माण केलेले ‘आउटपुट’मधून, आणि एका कार्डातून येऊन दुसऱ्यातून जाणारे ‘फॉरवर्ड’मधून. लॅपटॉपचे पॅकेट इनपुटला शिवतही नाही, हे नीट लक्षात ठेवा. इनपुट कडेकोट बंद करून फॉरवर्ड उघडी टाकणे म्हणजे वॉचमनच्या केबिनला कुलूप लावून सोसायटीचे फाटक सताड उघडे ठेवणे.

इनपुट आणि फॉरवर्ड या दोन्ही साखळ्यांचे मूळ धोरण ‘ड्रॉप’ ठेवा : ज्याला परवानगी लिहिलेली नाही ते सगळे टाका. मग फॉरवर्डमध्ये दोन परवानग्या लिहा. पहिली, आधीच सुरू झालेल्या किंवा त्यांच्याशी संबंधित जोडण्यांची पॅकेटे दोन्ही दिशांनी जाऊ द्या. दुसरी, आतल्या कार्डातून येऊन बाहेरच्या कार्डातून जाणारे काहीही जाऊ द्या. बाहेरून सुरू होणारी नवी जोडणी या दोन्हींत बसत नाही, म्हणून ती आपोआप गळते. इनपुटमध्ये सुरू असलेल्या जोडण्या, यंत्राचे स्वतःशी बोलणे, आतल्या कार्डाकडून आलेले, आणि आयसीएमपी यांना परवानगी द्या. आयसीएमपी सरसकट बंद करायचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. तो मानू नका. कारण पुढे येईल.

जुन्या लॅब जर्नलमध्ये हे सगळे आयपीटेबल्सच्या आज्ञांत लिहिलेले असते. आयपीटेबल्स २००१ च्या कर्नल २.४ बरोबर आले. एनएफटेबल्स जानेवारी २०१४ मध्ये, कर्नल ३.१३ मध्ये दाखल झाले. डेबियनच्या दहाव्या आवृत्तीपासून आयपीटेबल्सची आज्ञा दिली तरी आत एनएफटेबल्सचे यंत्र फिरते. नवे शिकणाऱ्याने सरळ एनएफटेबल्स शिकावे. त्यात संपूर्ण नियमावली एका फाइलीत लिहून एकदम लागू होते; फाइलीत चूक असेल तर एकही नियम लागू होत नाही, जुनेच चालू राहतात. दुसऱ्या खोलीतून एसएसएचने काम करताना ‘आधी धोरण ड्रॉप केले आणि परवानगी लिहायच्या आत स्वतःच बाहेर पडलो’ हा प्रकार त्यामुळे पुष्कळ टळतो. तरी पहिल्या दिवशी राउटरला कीबोर्ड आणि पडदा जोडलेलाच ठेवा.

पत्ते वाटणे

घरातल्या उपकरणांना पत्ता, गेटवे आणि डीएनएस सांगायचे काम ‘डीएनएसमास्क’ हा लहानसा प्रोग्राम करतो. त्याला सांगायचे एवढेच : आतल्या कार्डावरच ऐक, १९२.१६८.१०.१०० ते २०० या पत्त्यांतून वाट, आणि बारा तासांची मुदत दे. प्रिंटरसारख्या उपकरणाला कायमचा पत्ता हवा असेल तर त्याचा मॅक पत्ता लिहून तो बांधून टाकता येतो. फोनबाबत मात्र हे फसते, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता तयार करतात. घरच्या नेटवर्कपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी लागते. उबुंटू वापरणाऱ्यांना डीएनएसमास्क सुरूच होत नाही असा अनुभव येईल. तिथे ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हड’ ही सेवा पोर्ट ५३ आधीच धरून बसलेली असते.

‘आतल्या कार्डावरच ऐक’ ही ओळ गाळू नका. डीएनएस बाहेर उघडा राहिला तर कोणीतरी खोट्या प्रेषकाच्या नावाने लहान प्रश्न विचारतो आणि तुमचे यंत्र मोठी उत्तरे तिसऱ्याच कोणाच्या अंगावर फेकत राहते. अशा हल्ल्यांत उघडी राहिलेली यंत्रेच हत्यार म्हणून वापरली जातात.

वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी आणखी गंभीर सूचना. पत्ता मागणारे डीएचसीपीचे पॅकेट सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडून पाठवलेले असते, आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचे उपकरण बहुधा ऐकते. तुमच्या राउटरचे आतले कार्ड चुकून भिंतीवरच्या वसतिगृहाच्या खाचेत लागले, तर मजल्यावरचे निम्मे लॅपटॉप तुमच्याकडून पत्ता घेतील आणि त्यांचे इंटरनेट तुमच्या खोलीवर अवलंबून राहील. उद्या कोणाची ऑनलाइन परीक्षा असेल तर? दोन तारांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवणे हा यावरचा खरा उपाय. आणि संस्थेच्या नेटवर्कवर राउटर जोडण्याआधी परवानगी घ्या, हे वेगळे सांगायला नको.

अर्धवट उघडणारी पाने

अनेक फायबर जोडण्यांना अजून वापरनाव आणि पासवर्ड लागतो. ती पीपीपीओई जोडणी. ओएनटीला ‘ब्रिज’ करून द्या असे पुरवठादाराला सांगितले, की हे लॉगिन आपला लिनक्स करतो आणि पीपीपी० नावाचे नवे कार्ड दिसू लागते. नियमांमध्ये ‘बाहेरचे कार्ड’ म्हणून आता हे नाव लिहायचे, तार लावलेल्या कार्डाचे नाही. पुरवठादार ब्रिज करून देत नसेल तर दोनदा नॅट होईल. ब्राउझिंगला त्याने काही बिघडत नाही.

पीपीपीओईबरोबर एक विचित्र दोष येतो : काही संकेतस्थळे झटकन उघडतात, काही ‘जोडत आहे’ म्हणत अडकून बसतात. इथरनेटच्या एका चौकटीत १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या शीर्षकांसाठी घेते, उरतात १४९२. लॅपटॉपला याचा पत्ता नसतो. तो आपल्या १५०० मधून आयपी आणि टीसीपीचे ४० बाइट वजा करून सर्व्हरला सांगतो, ‘एका वेळी १४६० बाइट पाठव.’ सर्व्हर तसे पाठवतो. ते पाकीट पुरवठादाराच्या टोकाला येऊन अडकते. ‘फार मोठे आहे’ हा निरोप आयसीएमपीने परत जायला हवा, पण सर्व्हरच्या बाजूला कोणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलेला असतो. सर्व्हरला काहीच कळत नाही आणि तो तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. हस्तांदोलनाची पाकिटे लहान, ती जातात. मजकुराची मोठी, ती अडतात. म्हणून पान अर्धवट. आयसीएमपी बंद करू नका असे वर म्हटले ते यासाठी.

समोरच्या सर्व्हरची फायरवॉल आपल्या हातात नाही, पण लॅपटॉपचा तो पहिला निरोप आपल्या राउटरमधूनच जातो. फॉरवर्ड साखळीत एक नियम लिहून त्यातला १४६० हा आकडा मार्गाच्या क्षमतेनुसार १४५२ करता येतो. तपासायचे असेल तर ‘तुकडे करू नको’ असे सांगून १४६४ बाइटांचा पिंग करा. २८ बाइटांची शीर्षके धरून तो नेमका १४९२ होतो आणि जातो. १४६५ चा अडतो.

बाहेरचा पत्ता आणि सहावी आवृत्ती

बाहेरच्या कार्डाचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर तुमच्यावर आणखी एक नॅट पुरवठादाराकडे आहे. हा पट्टा २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने त्यासाठीच राखला. अशा वेळी घरचा कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट उघडण्याचे कितीही नियम लिहिले तरी उपयोग नाही. पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्या, किंवा आयपीची सहावी आवृत्ती वापरा.

सहाव्या आवृत्तीत घरातल्या प्रत्येक उपकरणाला खरा, जगभर ओळखला जाणारा पत्ता मिळतो. नॅट नाही, म्हणून फायरवॉल हाच एकमेव पडदा. एनएफटेबल्सचा तक्ता ‘आयपी’ या कुळाचा केला तर तो फक्त चौथ्या आवृत्तीला लागू होतो आणि सहाव्या आवृत्तीचे दार उघडे राहते. ‘इनेट’ कुळ घेतले की दोन्ही झाकली जातात. आणि सहाव्या आवृत्तीचे फॉरवर्डिंग सुरू करताच लिनक्स वरच्या राउटरच्या घोषणा ऐकणे थांबवतो, कारण आता तो स्वतःला राउटर समजतो. त्याने त्या ऐकाव्यात असे वाटत असेल तर बाहेरच्या कार्डाच्या ‘अ‍ॅक्सेप्ट अंडरस्कोर आरए’ची किंमत २ करावी लागते.

कुठे अडले ते शोधणे

घरच्यांसाठी एक सोय आधी करा. जुनी डबी चालू मांडणीत कामाला लागली असेल, तर तिच्या मूळ सेटिंगची नोंद करून ठेवा. आणखी एखादी डबी असेल तर ती तयार करून कपाटात ठेवा. तुम्ही वसतिगृहावर असताना घरी इंटरनेट बंद पडले तर आईला किंवा बाबांना फोनवर ‘ही तार काढून त्यात लाव’ एवढेच सांगता आले पाहिजे.

तपासणी नेहमी जवळून दूर करत जावी. लॅपटॉपवरून आधी १९२.१६८.१०.१ ला पिंग, मग पुरवठादाराच्या गेटवेला, मग १.१.१.१ ला, आणि शेवटी एखाद्या नावाला. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. राउटिंगचे नियम उकरू नका.

मधल्या पायरीवर अडले तर टीसीपीडंप हे साधन दोन खिडक्यांत, एक आतल्या आणि एक बाहेरच्या कार्डावर चालवा आणि लॅपटॉपवरून पिंग करा. प्रत्येक पिंग चार वेळा दिसायला हवा : आत येताना, बाहेर जाताना, उत्तर बाहेरून येताना, उत्तर आत जाताना. आतल्या खिडकीत काहीच नसेल तर दोष तारेचा, वायफायचा किंवा लॅपटॉपच्या गेटवेचा. आत दिसते पण बाहेर नाही, तर फॉरवर्डचा शून्य, फॉरवर्ड साखळीतली मनाई किंवा हरवलेला डीफॉल्ट मार्ग. बाहेर दिसते पण प्रेषक अजून १९२.१६८.१०.२३ च आहे, तर मास्करेडचा नियम नाही किंवा त्यात कार्डाचे नाव चुकले आहे. पीपीपीओईवाल्यांनी इथे आधी पाहावे. प्रेषक बरोबर आहे आणि उत्तर येत नाही, तर प्रश्न पुढच्या टोकाचा. उत्तर बाहेरच्या कार्डावर येते आणि आत पोचत नाही, तर ‘सुरू असलेल्या जोडण्यांना परवानगी’ ही ओळ राहिली.

दोन कार्डांचा संगणक हाताशी नसला तरी हे सगळे व्हर्च्युअलबॉक्समध्ये करता येते. राउटरच्या यंत्राला एक कार्ड ‘नॅट’ प्रकारचे आणि एक ‘इंटर्नल नेटवर्क’ प्रकारचे द्या; दुसऱ्या यंत्राला फक्त ‘इंटर्नल नेटवर्क’. पुढच्या तासाला येण्यापूर्वी एवढे करून आणा : फॉरवर्ड साखळीतून सुरू असलेल्या जोडण्यांचा नियम काढा, वरच्या दोन खिडक्या उघडा, आणि पिंग करण्याआधी कागदावर लिहा की चारपैकी किती ओळी दिसतील. मग पिंग करा.